इथून मोजा

सेलूच्या स्टँडवर घुगे तलाठ्यांनी
माझ्या छातीवरचा आकडा मोठ्यानं वाचला:
एकशे सत्तावीस, टिंब, शून्य, टिंब, शून्य, टिंब, एक.
"हा गट नंबर कुठला रे?
एकशे सत्तावीस तर ओढ्याच्या पल्याड, तोबी वादातला."
जिंतूरची गाडी लागली होती. म्हणालो, पुण्याकडचाय, काका.
खोटं बोललो. सांगायचं होतं
की हा पत्ता ज्याचा त्याचाच असतो,
यंत्रानं स्वतःला हाक मारायचा;
जगात कुठंही बसून मारा,
हाक आपल्याच दारात येऊन पडते.
पण कंडक्टरनं डबल बेल दिली,
आणि विनोद समजावून सांगणं म्हणजे
फुगलेली भाकरी टोचून आत काय ते दाखवणं.

हिंजवडीहून आलो तेव्हा बॅगेत
अकरा टी-शर्ट होते, सगळे काळे,
सगळ्यांवर काहीतरी असं, की तिथल्या लिफ्टमध्ये
अनोळखी माणूस नाकातल्या नाकात हसायचा
आणि सातव्या मजल्यापर्यंत आमचं एक गाव व्हायचं.
इथं लोक वाचतात. मनापासून वाचतात.
रसवंतीवाला वाचतो,
पोस्टातल्या बाई चष्मा वर करून वाचतात,
बँकेच्या रांगेत माझ्या पाठीमागं
एखादं शाळकरी पोरगं अक्षर अक्षर लावतं
आणि त्याची माय विचारते, काय लिव्हलंय रे?
"काय नाय. इंग्रजीय."

एकावर नुसता कंस आहे, उघडलेला,
बंदच न केलेला.
मोईनभाईनं बगलेत उसवलेलं शिवताना विचारलं,
छपाईवाला दुसरा विसरला का?
पांढऱ्या धाग्यानं काढून देतो, पैसे नको.
मी हो म्हणालो.
आता तो कंस बंद आहे, जरा जाडसर,
आणि खरं सांगतो, मला झोप बरी लागते.

'माझ्या मशीनवर तर चालतंय' असं लिहिलेला
आईनं एप्रिलात ओला करून माठाला गुंडाळला.
त्याच्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.
पाणी गार होतं.

मग एकदा मोंढ्यात, बाहेतींच्या आडतीवर,
बिलाचा प्रिंटर अडकला म्हणून गेलो.
अंगात तो होता: मधोमध मोठं शून्य,
खाली बारीक अक्षरात, इथून मोजा.
लिंबाजी मापारी, वय विचारलं तर
बहात्तरच्या दुष्काळापासून धरणारा,
तुरीच्या कट्ट्यावर बसून म्हणाला,
"कवाचं बघायलोय पोरा. कायय ते?"

लाईट गेली होती. प्रिंटर मेल्यासारखा.
मग सांगितलं. पहिल्यांदाच सगळं सांगितलं:
नाना, आमच्यात पहिल्याला एक म्हणत नाहीत.
पहिला तो शून्य, दुसरा तो एक,
दहा कट्टे असले तर शेवटचा नववा.

त्यानं तंबाखू मळायची थांबवली.
"मंग? आमी तरी कुठं एक म्हन्तो.
पयलं माप पडलं की लाभ.
लाभ, दोन, तीन.
आमचा बाप म्हनायचा, एक म्हन्लं की माल एकटा पडतो."
तळहात झटकला.
"तुमी शून्य म्हन्ता, आमी लाभ.
पगार कुनाला जास्तय?"
आणि हसला,
अगदी जिथं हसायचं असतं तिथंच.
दोन वर्षांत सेलूत पहिला माणूस.
पहिला म्हणजे,
जाऊ द्या, तुम्ही मोजा कसंही.

लाईट आली. हमालांनी कट्टे उचलायला घेतले.
प्रिंटर आपोआप चालू झाला, मी काहीच केलं नव्हतं,
तरी बाहेतींनी चहा सांगितला.
मी दारात उभा राहून ऐकत होतो,
लाभ,
दोन,
तीन,

घरी आलो तर आई म्हणाली, बाहेरच झटकून ये.
भुसा बराच निघाला.
शून्याच्या आतला नाही निघाला.